तापलेला खांब

"आई, थोडी पुढं हो, पाठ पुसून घेते," म्हणत मी पदराचा आडोसा धरला.

आई पुढं वाकली. मी तिची चोळी मागून वर सरकवली आणि हातातलं ओलं फडकं हातातच राहिलं. डाव्या खांद्याच्या खाली तळहाताएवढी कातडी लालबुंद झाली होती. मधोमध टपोरे फोड. त्यातला एक फुटून चोळीला चिकटला होता, तो मी ओढल्यावर सुटला. आईनं साधं 'स्स' सुद्धा केलं नाही.

"अगं बाई! हे काय झालं? कधीपासनं आहे हे?"

तिनं मान वळवून ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या हातानं खूण केली, चोळी खाली कर, कुणी बघेल.

बोलणार कुठून ती! आमची आई घटी बसली होती. आमच्या हिंगणवाडीत नवरात्राला अशी बसण्याची रीत आहे. ज्यानं नवस बोललाय त्यानं पहिल्या माळेपासून नवमीपर्यंत देवीसमोर बसायचं. पहाटे एकदा देवळामागं जाऊन यायचं, तेवढीच मोकळीक. उजाडायच्या आत खांबाला पाठ लावून बसलं की दुसऱ्या पहाटेपर्यंत जागा सोडायची नाही, आणि सगळे दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही. पहिल्या वर्षी जो खांब धरला तोच शेवटपर्यंत. मधेच उठलं किंवा बोललं, तर मागची सगळी वर्षं पाण्यात.

आईचं ते शेवटचं वर्ष होतं. मी परकर-पोलक्यात असल्यापासून ती बसत होती. आता माझं लग्न होऊन मी मिरजेला नांदत होते आणि दर नवरात्रात तिचं हवं-नको बघायला माहेरी येत होते. नवस कशाचा, ते मात्र आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. बोलून दाखवला की फळत नाही म्हणतात. अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांनाही ठाऊक नव्हतं, आणि ते तर त्या देवळाचे गुरव.

त्या दिवशी अष्टमी होती. उद्याचा एक दिवस निघाला की आई सुटणार होती.

मी चोळी खाली केली आणि ती टेकून बसायची त्या जागी हात लावला. खांबात बसवलेल्या पितळी झाकणावर बोटं पडली आणि चटका बसून मी हात झटकला.

आता हे तापणं मला नवीन नव्हतं, ते आधी सांगायला पाहिजे. पाचव्या माळेपासून गावभर त्याचीच चर्चा होती. आरतीला आलेली कुणी बाई खांबाला टेकली आणि तिला तो उबदार लागला. झालं! देवी जागी झाली, सोनाकाकूंचं, म्हणजे आमच्या आईचं, शेवटचं वर्ष म्हणून पाठीशी येऊन बसली, असं तोंडातोंडी पसरलं. शेजारच्या गावांतून बायका यायला लागल्या. रांग लावून खांबाला हात लावायच्या, तो हात डोळ्यांना लावायच्या, झाकणावर हळदीकुंकू थापायच्या. खोटं कशाला बोलू, मीही लावला होता हात, आणि माझ्याही अंगावर काटा आला होता. पण तेव्हा तो कोमट होता.

"आई, इथं नको टेकू. हातभर तरी बाजूला सरक."

तिनं मान हलवली. नाही.

"अगं पाठ भाजली तुझी! मांस दिसायला लागलंय!"

तिनं देवीकडं बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. तिची खूण मला बरोबर कळली. ती माझी परीक्षा बघतेय, मी देणार. एवढं करून बाईनं परत त्या झाकणाला पाठ टेकवली. फडकं आणि तांब्या तिथंच टाकून मी उठले आणि काशीदादाला शोधायला निघाले.

काशीदादा म्हणजे माझा थोरला भाऊ, काशिलिंग. आयटीआय करून वायरमन झालेला. कामात तरबेज, पण जिभेला हाड नाही. पंचांशी त्याचं श्रावणातच वाजलं होतं, तेव्हापासून त्यानं देवळाची पायरी चढली नव्हती. आणि वाजलं होतं ते याच खांबावरून.

देवळाचं सगळं बांधकाम दगडी. वायरी आत आणायला छताला एकच जुनं भोक, ते नेमकं आईच्या खांबाच्या वर. त्या खांबात बसल्या माणसाच्या पाठीशी येईल अशी एक दिवठण आहे, म्हणजे पणती ठेवायचा छोटा कोनाडा. फार वर्षांपूर्वी देवळात पहिला बल्ब आला तेव्हा त्याचा जोड त्या दिवठणीत दिला होता. आईच्या या शेवटच्या वर्षी श्रावणात पंचांनी ठरवलं, रोषणाई झोकात करायची. पंचांत मुख्य आबा सरनोबत. चार ट्रक, मोठा आवाज, आणि सगळ्या गोष्टीत पुढं. त्यांनी दादाला बोलावलं. दादा दिवठण बघून गेला आणि घरी बसून सागवानी फळ्यांची एक पेटी करून घेऊन आला.

ती पेटी बघून आबा म्हणाले, "अरे, देवळात कपाट ठेवतोस काय?"

"आबा, पूर्वी हितं एक वायर यायची आणि एका बल्बला जायची," दादा म्हणाला. "आता गाभारा, मंडप, शिखरावरच्या माळा, पंखे, भोंगा, सगळ्यांच्या वायरी वरनं हितंच उतरणार. सगळ्यांचे जोड हितंच. जोड म्हंजे गाठ असती, तिला जागा लागती. वायरीला वाकाय जागा लागती. एकमेकीला घासून कोंबल्या की तापत्यात. ह्या दिवठणीत निम्म्यासुदिक बसत न्हाईत."

"दाबून बसवल्या की बसतील."

"बसायचं काय, एका बाजेवर धा माणसं पण बसत्यात. झोप लागती का त्यास्नी?"

मंडपातले लोक हसले. आबांना ते आवडलं नाही.

"न्हाईतर असं करू," दादा म्हणाला, "दिवठण चार बोटं खोल करू, चार बोटं रुंद करू. एका दुपारचं काम हाय."

गाभाऱ्याच्या दारात वाती वळत बसलेले अण्णा ताडकन उठले. "काशा, जीभ आवर! देवीच्या खांबाला छिन्नी लावणार तू?" आमच्या देवळात खांबाला लोखंड लावत नाहीत. खिळासुद्धा ठोकत नाहीत. गुरवाचं पोर असून दादा हे बोलला, म्हणून अण्णांच्या मांडीवरच्या वाती खाली सांडल्याचंही त्यांना भान नव्हतं.

"बरं, ऱ्हायलं. मग पेटी बाहेरनं लावू. पट्ट्यानं बांधतो. दगडाला ओरखडा पण येणार न्हाई."

आबांनी शेजारचं एक गाठोडं सोडलं. आतून पितळेचं झाकण निघालं. कोल्हापुरातून करून आणलेलं, वर गजलक्ष्मी, खाली आबांच्या वारलेल्या आईचं नाव. बरोबर दिवठणीच्या मापाचं.

"आणि हे कुठं लावू? तुझ्या कपाटावर? आईच्या नावाचं झाकण दिवठणीवर बसणार. ते बसलं पाहिजे, आत तू काय करायचं ते कर."

"तुमच्या आईच्या नावासाठी माझी आई जाळू काय?" दादा ओरडला. "तिथं पाठ लावून ती बसती! नऊ दिवस बसती!"

आबांचा चेहरा काळानिळा झाला. दादानं पेटी डोक्यावर घेतली आणि तो घरी आला. दोन दिवसांनी तालुक्याहून दुसरा वायरमन आला. त्यानं सगळ्या वायरी दिवठणीत कोंबल्या, झाकणावर गुडघा दिला आणि दिवठणीतल्या जुन्या लाकडी चौकटीत स्क्रू आवळले. अण्णा सांगत होते, झाकण अगदी चपखल बसलं.

घरी दादानं आईची विनवणी केली होती. "ह्या वर्षी दुसऱ्या खांबाला बस."

"पहिल्या वर्षी धरला त्योच खांब. आता शेवटाला सोडू व्हय?"

"मग बसूच नगो. पुरं झालं."

"असं बोलू नये, काशा. तुला काय ठावं..." एवढं बोलून आई थांबली. तिचा आवाज असा काही लागला होता की दादानं विषयच सोडून दिला.

तर त्या अष्टमीला दादा ढोल्यांच्या पिठाच्या गिरणीत मोटर खोलून बसला होता. अंगभर पीठ, हात काळे.

"दादा, देवळातला खांब तापलाय."

"ऐकलंय की. देवी आलीया म्हणं त्यात," तो मान वर न करता हसला. "आबांला म्हणावं, बिल पण तीच भरंल."

"दादा, थट्टा नको. झाकणाला हात लागला तर चटका बसतो. आईची पाठ भाजलीय. फोड फुटलेत."

त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"रबर जळल्यागत वास येतोय का?"

"धुपाचा डोंब चाललाय तिथं, वास कसला कळणार!"

त्यानं पायात चप्पलसुद्धा घातली नाही. मी मागून धावत होते, पण तो वळणावर दिसेनासा झाला. मी देवळात पोचले तेव्हा तो रांगेतल्या बायकांना बाजूला सारून आईजवळ गुडघ्यावर बसला होता. अष्टमीचा होम लागायचा होता. हलगी वाजत होती, घंटा बडवत होते, भोंग्यावर आरत्या लागल्या होत्या, मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. दादानं हाताची मागची बाजू झाकणाजवळ नेली, मग नाक नेलं. आणि आईचे दोन्ही हात धरले.

"आई, ऊठ."

तिनं मान हलवली.

"आई, पाया पडतो तुझ्या. आत वायरी जळायल्यात. कवा पेट घेत्याल सांगता येत न्हाई. ऊठ गं!"

आईनं त्याच्या पीठ लागलेल्या गालावरून हात फिरवला. मग परत नाही म्हणून मान हलवली आणि फक्त वीतभर पुढं वाकून बसली. म्हणजे मागं तुला काय करायचं ते कर, मी काही उठत नाही.

"ही हालणार न्हाई," दादा मला म्हणाला. "मग लाइटच घालवतो."

ओवरीत जाऊन त्यानं मेन स्विच खाली ओढला, फ्यूज उपटले आणि खिशात टाकले. भोंगा मधेच थांबला. पंखे मंदावले. दुपार असली तरी आमचं देऊळ आत काळोखी, समयांच्या उजेडात देवीचा नुसता मुखवटा दिसत राहिला. मंडपात एकच कल्ला झाला. आबा होमाजवळचे उठून आले.

"कुणी घालवली लाइट? होमाच्या टायमाला?"

"मी," दादा म्हणाला. तोवर तो झाकणाचे स्क्रू काढायला लागला होता. एक मेणबत्ती लावून माझ्या हातात दिली होती. "पाच मिन्टं द्या आबा. मग काय जोडं मारायचं त्ये मारा."

"देवी आलीय त्या खांबात आणि हा झाकण उपटतोय!" मागून एक बाई किंचाळली. "धरा त्याला!"

पण धरणार कसे? दादा आईच्या पाठीशी बसला होता, आणि घटी बसलेल्या बाईच्या अंगावरून कुणी हात टाकत नाही. सगळे चार हात लांब उभे राहून ओरडत होते. शेवटचा स्क्रू निघाला, झाकण खाली पडलं आणि जो वास आला, तो धुपातूनसुद्धा नाकात गेला. मी मेणबत्ती पुढं केली. आत वायरी दिसतच नव्हत्या. लाल, पिवळा, काळा, सगळा रंग वितळून एक गोळा झाला होता, जळक्या उसळीसारखा, आणि तांब्याच्या तारा उघड्या पडून एकमेकींवर आडव्या झाल्या होत्या.

"बाबो," दादा पुटपुटला आणि दोन्ही हात आत घालून तो गोळा सोडवायला लागला.

आता पुढचं मला नीट दिसलं नाही. आबा वळून बाजूच्या दाराकडं गेले आणि बाहेर कुणाला तरी ओरडून काही म्हणाले, एवढं कळलं. देवळामागं नवरात्रापुरता भाड्याचा जनरेटर आणून ठेवला होता. त्याची वायर त्या तालुक्याच्या माणसानं मेन स्विचच्या पुढं, थेट आतल्या लाइनला जोडली होती. दादा देवळात फिरकलाच नव्हता, त्याला हे कुठून ठाऊक असणार! त्याच्या दृष्टीनं फ्यूज खिशात होते, लाइन मेली होती. तो दिवठणीच्या तोंडाशी डोकं नेऊन कामाला लागला होता.

मी बघत होते आईकडं. ती बसायची तिथून बाजूचं दार सरळ समोर दिसतं. तिची नजर त्या दारातून बाहेर गेली आणि तिचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. मी वळून बघितलं. एक माणूस जनरेटरला हँडल लावून जोरजोरात फिरवत होता.

"काशा!"

आठ दिवस बंद असलेला आवाज. फाटका, घोगरा. हलगीच्या दणक्यात तो मलाच जेमतेम ऐकू आला.

"काशा, हात काढ!"

दादानं ऐकलं नाही. बाहेर इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं.

आणि आई उठली. दिवसभर मांडी घातलेले पाय, त्यात जीव नव्हता. ती खांबाला धरून उठली, वळली, दादाची कॉलर दोन्ही मुठींत धरली आणि सगळं अंग मागं टाकलं. ती, दादा आणि मी, तिघंही एकमेकांवर पडलो. त्याच क्षणी इंजिन धडधडायला लागलं. मंडपातले दिवे लखकन लागले, दिवठणीत फाडकन आवाज झाला आणि निळापांढरा जाळ बाहेर आला. दादाचं डोकं होतं बरोबर तिथं. वरून उतरणाऱ्या पाइपातल्या वायरींनी पेट घेतला. "बंद कर! बंद कर!" म्हणून लोक बाहेर पळाले. अण्णांनी होमाखालची वाळू उपसून खांबावर मारली, तेव्हा तो जाळ विझला.

मग शांत झालं. इतकं शांत की बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती ती ऐकू येत होती.

"सोनाकाकू उठल्या," कोणीतरी म्हणालं.

"उठल्या की. तोंड हलताना बघितलं मी, बोलल्या पण."

"शेवटच्या वर्षाला उठली गं बाई."

हेच सगळीकडून ऐकू यायला लागलं. माझा भाऊ मरता मरता वाचला होता, हे एकाच्याही तोंडातून निघालं नाही. दादा जमिनीवर बसून आपले हात उलटेपालटे करून बघत होता. नखांची टोकं तेवढी करपली होती. मग त्याला एकदम काय झालं कुणास ठाऊक, त्यानं ते पितळी झाकण उचललं आणि आबांच्या पायाशी भिरकावलं.

"ही घ्या तुमची देवी! वायरीस्नी जागा न्हवती आत, म्हणून तापली! आणि ह्या बाया कुंकू लावायल्या तिला!"

आबा दोन पावलं मागं सरकले. पण माणूस सावरायला वेळ लागत नाही. "तू झाकण काढलंस," ते म्हणाले, "म्हातारी उठली, म्हणून कोप झाला. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय."

आणि ते खोटं तरी कसं म्हणायचं? आई आधी उठली, मग जाळ झाला. लोकांनी तेवढंच बघितलं, आणि दिवेलागणीपर्यंत गावात तीच गोष्ट झाली. आजही तिथं कुणाला विचारा, हेच सांगतील. तो काळा पडलेला खांब आहे अजून, त्याला अजून कुंकू लावतात. पुढच्या वर्षी पंचांनी बाहेरून मोठी लोखंडी पेटी आणली आणि पट्ट्यानं बांधून खांबाला लावली. दगडाला ओरखडासुद्धा आला नाही. दादाला कुणी विचारलं नाही.

आई मात्र त्या दिवशी देवीकडं बघत कितीतरी वेळ उभी होती. मग आमच्याकडं न बघता ती देवळातून बाहेर पडली, घरी आली आणि माजघरात भिंतीकडं तोंड करून पडली.

मला वाटलं, नवस मोडल्याचं दुःख आहे, उतरेल हळूहळू. मी तिला तालुक्याला डॉक्टरकडं नेलं. त्यानं मलम दिलं, गोळ्या दिल्या, जखम कोरडी ठेवा म्हणाला. कोजागिरीपर्यंत मी राहिले आणि मिरजेला परत आले. पण मी होते तोवर एक गोष्ट मला खटकत होती. दादा कामाला निघाला की आई दारात उभी राहायची, तो दिसेनासा होईपर्यंत. तो आला की त्याचे हात चाचपून बघायची, पाय बघायची. त्याला विहिरीवर जाऊ द्यायची नाही, मोटरसायकलवर बसू द्यायची नाही.

"आई, मी काय तान्हा हाय का?" तो वैतागायचा.

"तू गप. मला बघू दे," म्हणायची.

मार्गशीर्षात दादाचा निरोप आला, आईचं बरं नाही, ये. मी गेले आणि तिला बघून हादरलेच. निम्मी उरली होती. पाठीची जखम हाडापर्यंत गेली होती. डॉक्टर म्हणाला रक्तात पू उतरलाय, सांगलीला ॲडमिट करा. आई खाटेवरून हलायला तयार नाही. अण्णांचं ऐकेना, दादाचं ऐकेना. संध्याकाळी दादा गाडी ठरवायला गेला, तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. मी तिच्यावर चिडले.

"काय हट्ट लावलायस गं हा? मलम लावायचं साधं काम! एवढं कसं चिघळलं?"

"लावलंच न्हाई मी मलम."

"काय?"

"तू गेल्यावर लावलंच न्हाई. गोळ्या पण चुलीत टाकल्या." ती हे अगदी सहज सांगत होती. "बस हितं. तुला सांगती आता. आता सांगाय हरकत न्हाई. काशाला साप चावला होता, आठवतंय?"

आठवत होतं. दादा तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होता. ओढ्याच्या काठानं चावला होता. तो काळानिळा होऊन पडलेला, आणि मी दारामागं उभी राहून रडत होते. तालुक्याहून डॉक्टर आला, त्यानं इंजेक्शनं दिली, तिसऱ्या दिवशी दादानं डोळे उघडले.

"डॉक्टरनं हात टेकलं होतं. मी जाऊन देवीचं पाय धरलं. म्हटलं, माझं पोर माघारी दे. बारा वर्सं तुझ्यापुढं बसती. बोलत न्हाई, हालत न्हाई. आणि मधी उठले, तर तुझं तू घिऊन जा."

मी खाटेजवळ सरकले.

"म्हणजे... त्या दिवशी तू उठलीस तेव्हा..."

"ठावं होतं की." आई छताकडं बघत होती. "बसून ऱ्हायले तर वायरीनं जातोय. उठले तर ती नेती. इचार कराय येळ कुठं होता, बाय? हातच पुढं गेलं."

मी तिचा हात हातात घेतला. तापानं तो हात भाजत होता.

"तवापासनं भांडायलीय मी तिच्यासंगं," आई म्हणाली. "रोज सांगते, उठले मी, बोलले मी, पोराचा काय दोष? न्यायचं तर मला ने. आधी ऐकत न्हवती. आता ऐकायलीय."

"आई, त्यात देवी कुठं आली गं!" मला रडू आवरेना. "लहान जागेत एवढ्या वायरी कोंबल्या, म्हणून तापलं ते. दादानं श्रावणातच सांगितलं होतं! देवीचा काय संबंध?"

"असंल. वायरींचं काशाला कळतंय, तो बोलला असंल ते खरं असंल." ती माझ्याकडं वळली. "पण ती राजी झाली गं. मला न्यायला तयार झाली. आता त्याला कुणी हात लावत न्हाई."

आणि ती हसली. लग्नात, बारशात, कधीच मी तिला इतकं समाधानी बघितलं नव्हतं. मला त्या समाधानाचा इतका संताप आला की मी तिचा हात सोडला आणि बाहेर येऊन उंबऱ्यावर बसले. तेवढ्यात दादा आला. गाडी पहाटे येणार होती, सांगलीच्या दवाखान्यात कुणाच्या ओळखीनं खाट मिळाली होती, हे तो एका दमात सांगत होता. मग माझ्या तोंडाकडं बघून थांबला.

"रडतीस काय? कशी हाय?"

"बरी आहे," मी म्हटलं. "जा आत. तुझीच वाट बघतेय."